गढुळाची साक्ष

आषाढात मुळेचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. घोटावड्याच्या आसपास नदीला मिळणारे ओढे डोंगरउतारावरची आणि भातखाचरांतली माती घेऊन येतात. ते पाणी काचेच्या पेल्यात घेऊन पलीकडून बॅटरी धरली, तर तिच्या झोताचा एक तांबूस, धुरकट ठिपका तेवढा उरतो. शेजारचा नववीतला मुलगा हे बघत उभा होता. त्यानं विचारलं, "काका, बाकीचा उजेड पाण्यानं पिला का?"

उत्तर देण्याआधी मी दुसऱ्या पेल्यात दूध ओतलं आणि त्याच्यामागे बॅटरी धरली. आता पलीकडचं तर काहीच दिसेना, पण अख्खा पेला कंदिलासारखा उजळला. दूध जर उजेड पीत असतं तर ते काळं दिसलं असतं. पलीकडे पोचू न देण्यात दूध पाण्याच्या वरताण, आणि तरी त्यानं उजेड जवळजवळ प्यायलेला नाही. मुलाचा प्रश्न किती अवघड आहे हे त्या दुसऱ्या पेल्यानं दाखवलं.

प्रकाश हरवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत पदार्थ त्याला खरोखर गिळतो आणि त्याची ऊर्जा रेणूंच्या हालचालीत मुरते. हे शोषण. दुसरीत प्रकाश नुसता वाट चुकतो. एखाद्या कणावर आपटून भलतीकडे जातो, पण जातो तो उजेड म्हणूनच. शाळेच्या पुस्तकात याला विकिरण म्हणतात, मी इथं साधं विखुरणं म्हणेन. पिअर बूगेरनं १७२९ मध्ये, लॅम्बर्टनं १७६० मध्ये आणि बेअरनं १८५२ मध्ये जो नियम घडवत आणला, तो पदार्थातून जाणारा प्रकाश कसा घटत जातो हे सांगतो. त्याच्या आधारानं प्रयोगशाळेत हिशेब होतो तो आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रकाशाच्या वजाबाकीवर. नितळ द्रवासाठी तो हिशेब चोख आहे. गढुळासाठी तो फसवा आहे. लग्नाच्या मांडवात शंभर माणसं शिरली आणि पुढच्या दारानं साठ बाहेर आली, म्हणून चाळीस जेवली असं म्हणता येत नाही. मागच्या बाजूनं, कनातीखालून किती निघून गेली कोण जाणे. जेवली किती हे जाणायचं असेल तर दारावर उभं राहण्यापेक्षा आत जाऊन उष्ट्या पत्रावळी मोजाव्या.

प्रकाश गिळला की पदार्थ तापतो. वाट चुकलेला प्रकाश पदार्थाला तापवत नाही. उष्णता ही इथली उष्टी पत्रावळ आहे. लेसरनं तापवून शोषण मोजण्याच्या सगळ्या पद्धती या एका ओळीवर उभ्या आहेत, आणि या कुळातली मला सर्वांत देखणी वाटणारी रचना ज्या दोघांची आहे त्यांतल्या एकाचा जन्म आपल्याच पुणे जिल्ह्यातला, बारामतीचा.

चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म १९३८. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी, मग अमेरिकेत स्टॅनफर्ड, आणि १९६१ पासून बेल लॅबोरेटरीज. तिथं १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर जगापुढे ठेवला. कारखान्यात पत्रा कापणारा आणि शस्त्रक्रियागृहात पेशी कापणारा हा लेसर आज सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा अवरक्त किरण पाणी केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात संपूर्ण गिळून टाकतं. म्हणून तर तो शस्त्रासारखा चालतो. मला यातली गंमत फार आवडते, की पाणी ज्याचा एका घासात फडशा पाडतं असा प्रकाश ज्यांनी निर्माण केला, त्यांनीच पंधरा वर्षांनी पाणी ज्याला जेमतेम शिवतं अशा प्रकाशाचं शोषण मोजायला घेतलं. अँड्र्यू टॅम या सहकाऱ्याबरोबर त्यांनी साध्या आणि जड पाण्याच्या शोषणावर लिहिलेला निबंध १९७९ मध्ये 'अप्लाइड ऑप्टिक्स' या नियतकालिकात आला. रसग्रहण करायचं आहे ते त्यातल्या प्रयोगाचं. कवितेचं किंवा बंदिशीचं करतात तसंच प्रयोगाचंही करता येतं असं मी मानतो, कारण चांगल्या प्रयोगातही एकही शब्द उगाच नसतो.

पण आधी घराणं सांगायला हवं. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि त्याचा सहकारी चार्ल्स समनर टेंटर उजेडावरून आवाज पाठवणारा फोटोफोन तयार करत होते. त्या खटाटोपात त्यांच्या लक्षात आलं, की सूर्यप्रकाश भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीतून तुटक-तुटक करून एखाद्या पातळ पदार्थावर टाकला, तर तो पदार्थ स्वतःच गुणगुणतो. पुढच्या वर्षी त्यांनी काचनळ्यांत लोकर, रेशीम, कापूस असं काय काय भरून पाहिलं. गडद रंगाच्या वस्तू फिक्या रंगाच्या वस्तूंपेक्षा मोठ्यानं वाजत होत्या. टेंटरनं काजळी सुचवली आणि नळीला लावलेल्या कानाला सोसवेना इतका आवाज आला. उजेड लागला की काजळी तापते, तिच्यालगतची हवा फुगते. उजेड तुटला की निवते, हवा आक्रसते. सेकंदाला जितक्या वेळा हे घडेल तितक्या कंपनांचा स्वर. त्यांच्या हाती लागलेली खरी गोष्ट त्या काचनळ्यांत होती. कापूस, लोकर हे सगळे गढूळ पदार्थ. त्यांच्यातून उजेड सरळ आरपार जात नाही. तरीही कोणी किती प्रकाश खाल्ला हे कानानं कळत होतं. टिंडालनंही त्याच सुमारास वायूंमध्ये हाच परिणाम दाखवला, आणि मग ही विद्या जवळजवळ अर्धशतक पडून राहिली. ऐकायला माणसाचा कान आणि उजेडाला सूर्य, एवढ्यावर मोजमाप उभं राहत नाही. चांगला मायक्रोफोन हवा होता आणि लेसर हवा होता.

१९७३ मध्ये बेल लॅब्समध्येच ॲलन रोझेन्क्वेगनं घन पदार्थांसाठी ही विद्या पुन्हा जागी केली. त्याची मला भावलेली आकृती रक्ताची आहे. अख्खं रक्त, तांबड्या पेशींसकट. साध्या वर्णपटमापकात पेशी प्रकाश विखुरतात आणि आलेखाचा चिखल होतो, म्हणून आधी पेशी फोडून हिमोग्लोबिन वेगळं करावं लागतं. रोझेन्क्वेगच्या आवाज ऐकणाऱ्या पेटीत रक्त जसं आहे तसं ठेवलं आणि हिमोग्लोबिनचे शोषणाचे पट्टे उमटले. १९७६ मध्ये त्यानं गेर्शोबरोबर सिद्धान्त मांडला. त्यातली एक गोष्ट नारळ वाजवून पाहणाऱ्याला लगेच पटेल. प्रकाश किती वेगानं तोडायचा, यावर कुठवरच्या खोलीचा आवाज ऐकू येणार हे ठरतं. पाण्यासारख्या पदार्थात सेकंदाला १० वेळा प्रकाश तोडला तर उष्णतेची लाट सुमारे ७० मायक्रोमीटर खोलवरून वर पोचते. हजार वेळा तोडला तर जेमतेम ७ मायक्रोमीटरवरून. म्हणजे सावकाश विचाराल तर पोटातलं सांगेल, घाईनं विचाराल तर कातडीपुरतं.

आता पटेल आणि टॅम. त्यांनी काय बदललं? त्यांनी प्रकाश तोडत बसण्याऐवजी एकच ठोका दिला, आणि हवेचा मध्यस्थ काढून टाकला.

पहिली ओळ: ठोका. रंगीत द्रवाच्या लेसरचा, म्हणजे डाय लेसरचा, सुमारे एक मायक्रोसेकंदाचा स्पंद. ऊर्जा मिलिजूलच्या घरातली. डाय लेसर निवडण्यातच जाण आहे, कारण त्याचा रंग सरकवता येतो. निळ्याकडून तांबड्याकडे एकेक पायरी चढत पाण्याला प्रत्येक रंगाबद्दल वेगळा प्रश्न विचारता येतो.

दुसरी ओळ: पाणी तापतं. किती तापतं हे मी कागदावर मांडून पाहिलं. हिरव्या प्रकाशाचं, ५०० नॅनोमीटरच्या आसपास, शुद्ध पाणी सेंटिमीटरमागे दहा हजारातले साधारण दोन भाग गिळतं. एक मिलिजूलचा स्पंद दोनेक मिलिमीटर रुंदीच्या झोतानं सोडला, तर झोताच्या वाटेवरचं पाणी एका अंशाच्या दशलक्षाव्या भागाच्या दीडदोन पट तापेल. कोणत्याही थर्मामीटरला इथं थारा नाही. इतकी क्षीण ऊब थर्मामीटरनं शोधायला जावं तर खोलीत कुणी श्वास सोडला तरी घोटाळा होईल. दुबळा कवी इथं अडला असता.

तिसरी ओळ, आणि इथं प्रयोग उंच जातो. तापमान मोजायचंच नाही. तापलेलं पाणी फुगतं. एका मायक्रोसेकंदात फुगायला लागलं की आजूबाजूच्या थंड पाण्याला धक्का बसतो, आणि तो धक्का आवाज होऊन बाहेर निघतो. तापमानातला फरक न जाणवण्याइतका असला तरी दाबातला फरक ऐकू येण्याजोगा असतो. एवढी ऊब निवायला पुष्कळ वेळ घेईल, पण आवाज तिची बातमी आधीच घेऊन गेलेला असेल. उष्णता ही आळशी गोष्ट आहे. पटेल-टॅमनी तिच्याकडून चपळ निरोप्याचं काम करून घेतलं.

चौथी ओळ: कान. पीझेडटी नावाचं सिरॅमिक दाबलं की वीज देतं. त्याचा छोटा तुकडा पोलादी डबीत बसवलेला, आणि पाण्याकडे तोंड असलेला पोलादी पडदा घासून आरशासारखा चकचकीत केलेला. हा पडदा मी कितीतरी वेळा मनात पाहिला आहे. तो चकचकीत कशासाठी? पाण्यात विखुरलेला उजेड त्यावर पडणारच. पडदा मळकट असता तर त्यानं तो उजेड गिळला असता, स्वतः तापला असता आणि खोटी साक्ष दिली असती. म्हणून साक्षीदारालाच आधी असं घडवलं, की त्याच्यावर आलेला उजेड परत जाईल.

तरीही थोडा उजेड पडदा खाणारच. त्यासाठी पाचवी ओळ आहे, आणि माझ्या मते साऱ्या रचनेचा प्राण तिच्यात आहे. ती ओळ म्हणजे थांबणं. लेसरच्या झोतापासून कान एक सेंटिमीटर दूर आहे असं समजा. विखुरलेला प्रकाश तिथवर पोचायला सेकंदाच्या अब्जांश भागाचाही अंश पुरतो. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर चालतो. त्याला त्याच सेंटिमीटरला जवळजवळ ७ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून विखुरलेल्या उजेडानं पडद्यावर जो गोंगाट करायचा तो आधीच होऊन जातो. यंत्राची खिडकी तेव्हा बंद असते. ती उघडते खऱ्या आवाजाच्या येण्याच्या क्षणी. वाट चुकलेला प्रकाश आणि गिळलेला प्रकाश, ज्यांना वेगळं करण्यासाठी इतका खटाटोप, ते इथं नुसत्या वेळेनं वेगळे झाले. एक आधी येऊन गेला, दुसरा मागून आला. समेवर येण्यासाठी गवई जागा सोडतो तशी ही सोडलेली जागा आहे. तिच्यात काहीच घडत नाही, आणि तिच्याशिवाय काही उभं राहत नाही.

बाकीचं आवरून घेतो. प्रत्येक स्पंदाची ऊर्जा मोजायची, आवाजाला तिनं भागायचं, पुष्कळ स्पंदांची सरासरी काढायची. हे काम चोख आहे, पण त्यात रस शोधू नये.

मग हाती काय आलं? त्यासाठी आणखी थोडं मागं जाऊ, मुंबई बंदरापर्यंत. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' जहाजानं परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळे, हे त्या वेळचं प्रतिष्ठित मत त्यांना पटलं नव्हतं. बोटीवरच त्यांनी निकोल लोलकातून पृष्ठभागावरचं परावर्तन काढून टाकलं आणि पाहिलं, निळाई उरलीच. तिच्यावरचं त्यांचं पत्र जहाज मुंबईला पोचताना 'नेचर'साठी तयार होतं. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात हे त्यांचं म्हणणं. पण निळाईत शोषणाचाही वाटा आहे. विखुरण्यामुळे प्रकाश पाण्यातून आपल्याकडे परत येतो, आणि शोषणामुळे त्यातला तांबडा भाग वाटेत गळतो. हे दोन वाटे सुटे करायचे तर विखुरण्याला न फसणारं मोजमाप हवं होतं. जहाजावरून तो प्रश्न उतरवून घेतला त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली होती, तेव्हा पटेल-टॅमचा आलेख छापून आला.

त्या आलेखात निळ्या-हिरव्याकडे शोषण तळाला आहे आणि तांबड्याकडे जाताना ते झपाट्यानं चढतं, वाटेत खांदे काढत. हे खांदे कशाचे? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध सतत थरथरत असतो. त्या थरथरीचा मूळ स्वर अवरक्तात आहे, डोळ्याला न दिसणारा. पण तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून न छेडलेला गांधार ऐकू येतो, तसे त्या मूळ स्वराचे वरचे वरचे स्वर दृश्य प्रकाशापर्यंत चढत येतात, प्रत्येक पायरीला आणखी दुबळे होत. तांबड्या प्रकाशातला जो अंश पाणी गिळतं तो या स्वयंभू गांधारांच्या पायी. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्यूटेरियम असतो, त्यामुळे थरथर मंद होते, सगळे स्वर खाली सरकतात आणि तांबडा प्रकाश बराचसा मोकळा सुटतो. आपल्या रायगड जिल्ह्यात थळला जे जड पाणी बनतं ते म्हणूनच साध्या पाण्याइतकं निळं असत नाही. दोन पाण्यांचे आलेख एका निबंधात शेजारी ठेवण्यात हा अर्थ होता. कारण सांगण्यासाठी त्यांना वेगळा युक्तिवाद करावा लागला नाही, दुसरा आलेखच युक्तिवाद झाला.

या रचनेची मर्यादाही सांगायला हवी. निळ्या टोकाला शोषण इतकं कमी होतं की किंचितशी खोटी साक्षही जड जाते. १९९७ मध्ये टेक्सासच्या एडवर्ड फ्राय यांच्या गटानं शुद्ध पाणी दोन वाटांनी मोजलं. एक वाट उष्णतेचीच होती. तापलेल्या पाण्यातून दुसरा किरण जाताना वाकतो, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तसा, आणि ते वाकणं मोजायचं. दुसरी वाट अगदी उलट्या बुद्धीची. पाणी अशा पोकळीत भरायचं जिच्या भिंती प्रकाश सतत परतवतात आणि सगळीकडे विखुरतात. आधीच सगळं विखुरलेलं असलं की पाण्यानं आणखी थोडं विखुरल्यानं काही बिघडत नाही. या पोकळीतून आलेल्या आकड्यांनुसार ४१८ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाला शुद्ध पाण्यात नुसत्या शोषणानं निम्मं व्हायला दीडशे मीटरहून जास्त अंतर लागतं. तांबड्याला एखाददोन मीटर पुरतात. निळ्याबद्दल तोवर सर्रास वापरात असलेले आकडे याहून मोठे होते. म्हणजे पाणी आपल्याला वाटत होतं त्याहून निर्मळ निघालं. शेवटचा आकडा पटेल-टॅमचा ठरला नाही. माझ्या लेखी त्यानं त्यांच्या रचनेचं मोल उणं होत नाही. बंदिश बांधणाऱ्याचीच गायकी सर्वांत सुरेल असली पाहिजे असा नियम नाही.

नितळ पाण्यावर सिद्ध झालेली ही रीत पटेल-टॅमनी गढुळावरही चालवून पाहिली. १९७९ मध्येच दुर्मिळ मृदा धातूंच्या ऑक्साइडांच्या पुडीवर त्यांचा निबंध निघाला. पिठासारखी पूड. तिच्यातून आरपार काही जात नाही, तरी शोषणाच्या बारीक रेषा वेगवेगळ्या उमटल्या. त्याही आधी, १९७३ मध्ये, पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच तऱ्हेची ऐकणारी पेटी बलूनला बांधून सुमारे २८ किलोमीटर उंचीवर पाठवली होती, आणि तिथल्या विरळ हवेतला नायट्रिक ऑक्साइड मोजला होता. ओझोनच्या थराची काळजी तेव्हा नुकती सुरू झाली होती. आज हेच तत्त्व घेऊन त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढतात. कातडी उजेडाला दुधासारखी वाट चुकवते, पण रक्तानं गिळलेल्या उजेडाचा आवाज सरळ बाहेर येतो.

मात्र पक्क्या गढुळात उष्णतेची साक्षही जशीच्या तशी घेता येत नाही, आणि हे सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरं होणार नाही. मांडवात रस्ता चुकलेला माणूस पंगतीवरून चार वेळा फिरला तर कधीतरी पाटावर बसतोच. विखुरलेला प्रकाश आतल्या आत भटकत राहतो आणि त्याला गिळलं जाण्याची संधी वाढते. उष्णता सांगते ते खरंच, इतका प्रकाश गिळला. पण पदार्थाची भूकच मोठी होती की प्रकाश फार वेळ घुटमळला, हे एकटी उष्णता सांगत नाही. त्यासाठी काम करणारे ज्याची भूक आधीच ठाऊक आहे अशी शाई थेंबाथेंबानं घालून पाहतात, आणि आवाज किती वाढतो त्यावरून मूळ पदार्थाचा वाटा काढतात.  काळ्याकुट्ट पदार्थाची अडचण निराळी. तो आलेलं सगळंच खातो, त्यामुळे काळा आणि अधिक काळा यांचा आवाज एकच येतो. आणि पाणी ४ अंश सेल्सिअसच्या जवळ आलं की मुकं होतं. तिथं ते तापलं तरी फुगत नाही. शोषण चालू आहे, ऊब येते आहे, पण आवाज नाही. अल्कोहोल मात्र तेवढ्याच उबेत पाण्याच्या कित्येक पट मोठ्यानं बोलतं.

एक उणीव तर मला गुण वाटते. हिरवं पान उजेड गिळतं, पण सगळ्याची उष्णता करत नाही. काही भाग ते अन्न करण्यासाठी ठेवून घेतं. म्हणून उन्हात काम करणारं पान, जेवढा उजेड गिळलेला असतो त्या मानानं कमी आवाज देतं. मग त्याच पानावर दुसरा, न तोडलेला प्रखर प्रकाश टाकून त्याची अन्न करण्याची ताकद गुंतवून टाकतात, आणि आवाज वाढतो. दोन आवाजांतला फरक म्हणजे पानानं साठवलेली ऊर्जा. समोरच्या खाचरात आवणी झालेल्या भाताकडे बघताना मला आता हे आठवतं, की या रोपांच्या गप्प बसण्यातच भात आहे.

मुळशी, मावळ आणि वेल्ह्यात पावसाआधी राब भाजतात. रोपांच्या जागेवर पाला-कवळ, शेण पसरून जाळायचं, मग त्या राखेत बी टाकायचं. वैशाखात संध्याकाळी त्याचा धूर खोऱ्यात साचून राहतो. या धुराचा प्रश्न पेल्यातल्या पाण्याचाच आहे. धूर सूर्यप्रकाश किती विखुरतो आणि किती गिळतो? विखुरला तर खालची जमीन थोडी गार राहते. गिळला तर धुराची हवाच तापते. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी शहराच्या हवेतली काजळी वर्षानुवर्षं एथॅलोमीटरनं मोजली आहे. त्या यंत्रात हवा गाळणीतून ओढतात, गाळणीवर काळा डाग धरतो आणि त्यातून प्रकाश किती कमी आला हे पाहतात. यंत्र भरवशाचं आहे, वर्षभर न थकता चालतं. पण ते दारावर उभं राहून मोजणारं यंत्र आहे. गाळणीचे धागे आणि डागातले पांढरे कण प्रकाश विखुरतात, तेवढ्याची दुरुस्ती करावी लागते. हवेतच तरंगणाऱ्या काजळीवर लेसर टाकून तिचा आवाज ऐकणारी यंत्रं जगात आता वापरात आहेत, आणि गाळणीच्या यंत्रांचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहतात. टेंटरच्या नळीतल्या काजळीचाच तो आवाज.

त्या नववीतल्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब, आभाळ निवळू दे. तुम्हालाही तेच सांगतो, कारण हा प्रयोग घरी होतो. काचेची एक लहान बरणी घ्या. तिच्या आतली एक बाजू मेणबत्तीवर धरून काजळी धरू द्या. झाकणाला भोक पाडून रबरी नळी घट्ट बसवा आणि दुसरं टोक कानाला लावा. पुठ्ठ्याच्या चकतीला कडेनं सारख्या अंतरावर खाचा पाडून ती छोट्या मोटारीवर बसवा. आरशानं दुपारचं ऊन चकतीतून बरणीच्या काजळलेल्या बाजूवर पाडा. आरशातल्या सूर्याकडे कुणीही बघू नये, मुलांनी तर मुळीच नाही. चकती वेग घेईल तसा नळीतून बारीक स्वर चढत जाईल. मग काजळी पुसून बरणीत पांढरा कापूस भरा आणि तेच ऊन त्यावर टाका. ऊन तेवढंच असेल, कापूस डोळे दिपतील असा चमकेल, आणि नळीत जवळजवळ काही ऐकू येणार नाही.